इंद्रधनुष्य, सण आणि सुट्टी : बालवाडीच्या वयातील मुलांसाठी कृती – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांचे पालक, बालवाडीच्या ताई आणि अंगणवाडी सेविका यांच्याकडून रंग, सण आणि सुट्टीतील कृती यांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे आमच्या बालवर्गातील अनुभवावर आधारलेली आहेत. एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात जातो तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझा मुलगा तीन वर्षांचा आहे. त्याला इंद्रधनुष्याचे सातही रंग आत्ताच शिकवायचे का?

नाही. तीन वर्षांच्या मुलाला दोन सारख्या रंगांच्या वस्तू जवळ ठेवता येतात. रंगाचे नाव विचारले की मात्र तो गोंधळतो, आणि हा गोंधळ त्या वयाला साजेसाच असतो. आधी जुळवणे, मग आपण नाव घेतल्यावर ती वस्तू उचलून देणे आणि सर्वांत शेवटी स्वतः नाव सांगणे, अशा क्रमाने मूल पुढे जाते. म्हणून सुरुवातीला तांबडा, पिवळा, हिरवा आणि निळा हे चारच रंग घ्यावेत. सुमारे चौथ्या वर्षी बहुतेक मुले काही रंगांची नावे सांगू लागतात. नारंगी आणि जांभळा त्यानंतर येतात, आणि पारवा तर सहाव्या वर्षी आला तरी काही बिघडत नाही. ‘हा कोणता रंग?’ हा प्रश्न दिवसातून दहा वेळा विचारण्यापेक्षा ‘तुझी पिवळी वाटी घेऊन ये’ असे सहज बोलता बोलता सांगितले, तर तेच शिक्षण अधिक पक्के होते.

२. ‘तानापिहिनिपाजा’ मुलांना पाठ आहे; पण ‘तांबडा’ म्हणजे लाल का, आणि ‘पारवा’ नक्की कोणता, हे आम्हालाच सांगता येत नाही. काय करावे?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्याचे उत्तर मराठी भाषेतच दडलेले आहे. या सात नावांपैकी बरीच नावे हाताला लागणाऱ्या वस्तूंवरून आलेली आहेत. तांबडा हा तांब्याचा, नारंगी नारिंगाचा आणि जांभळा जांभळाचा. पारवा म्हणजे कबुतराच्या जातीचा तो राखी-निळा पक्षी, जो शहरातल्या प्रत्येक खिडकीच्या छज्जावर घुमत बसलेला असतो. लाल आणि तांबडा हे शब्द रोजच्या बोलण्यात एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि लहान मुलांपुढे त्यांत भेद करत बसण्याची गरज नाही. मात्र घरात तांब्याचा गडू असेल, तर तो चिंचेने घासून लखलखीत करावा आणि मुलाच्या हातात द्यावा. ‘तांबडं फुटलं’ म्हणजे काय, हे पहाटेचे आकाश दाखवून सांगावे.

पारव्यासाठी मुलांना खिडकीशी न्यावे. पक्ष्याचे अंग राखी-निळसर असते आणि मान वळली की गळ्यावर हिरवी-जांभळी झाक चमकते. इंद्रधनुष्यातील पारवा हा निळा आणि जांभळा यांच्या मधला गडद पट्टा आहे. पक्ष्याच्या रंगाशी तो तंतोतंत जुळत नाही, हे मुलाने विचारलेच तर मान्य करावे. आमच्या वर्गात चार वर्षांच्या एका मुलीला ‘जांभळा’ हा शब्द काही केल्या लक्षात राहत नव्हता. जूनमध्ये वर्गात जांभळे आणली, सर्वांनी खाल्ली आणि आरसा फिरवला. तिने स्वतःची जीभ पाहिली, बोटाने पुसून पाहिली, ती पुसली जाईना, आणि त्या दिवसापासून तो शब्द तिचा झाला.

मोठ्या गटातील मुलांपुढे हा खजिना आणखी उघडावा. आमसुली, डाळिंबी, विटकरी, अबोली, मोरपंखी, पिस्ता, बदामी, शेवाळी, राखाडी, गव्हाळ : प्रत्येक नावामागे एक वस्तू आहे. आजीच्या साड्यांची घडी उलगडून एकेका साडीचा रंग कशावरून ओळखायचा, असा खेळ घेतला तर पावसाळी दुपार कशी सरते ते कळत नाही. तक्त्यावरचा गोल दाखवून शिकवलेला रंग मुलाला तक्त्यावरच ओळखू येतो. जांभळाने रंगलेली जीभ, झेंडूची पाकळी किंवा हळदीचे बोट यांतून आलेला रंग मात्र त्याला कुठेही ओळखता येतो. पुढील सर्व उत्तरांमागे हाच विचार आहे.

३. मुलांना खरे इंद्रधनुष्य कधी आणि कोणत्या दिशेला दाखवता येईल?

सूर्य आपल्या पाठीशी आणि पाऊस आपल्या समोर असला पाहिजे. सूर्य क्षितिजापासून सुमारे ४२ अंशांपेक्षा वर गेला, की जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला इंद्रधनुष्य दिसत नाही. त्यामुळे महाराष्ट्रात पावसाळ्याच्या दिवसांत ते भर दुपारी शोधू नये. सकाळी साधारण नऊच्या आत पश्चिमेकडे आणि दुपारी चारनंतर पूर्वेकडे पाहावे. श्रावणात ऊन आणि पाऊस एकत्र येतात तेव्हा संधी सर्वांत चांगली असते. वर्गात एक साधा नियम करता येतो : ‘उन्हात पाऊस पडला की सूर्याकडे पाठ करून उभे राहायचे.’ पाच वर्षांची मुले हा नियम स्वतः वापरतात आणि ताईंच्या आधी इंद्रधनुष्य शोधतात. थेट सूर्याकडे पाहायचे नाही, हेही याच नियमात आपोआप साधते.

४. पाऊसच नसेल तर घरी किंवा वर्गात इंद्रधनुष्य तयार करता येते का?

येते, आणि त्यासाठी विकतचे काही लागत नाही. सकाळचे तिरपे ऊन जेथे येते तेथे एक खोल परात पाण्याने भरून ठेवावी. तिच्यात एक छोटा सपाट आरसा तिरपा टेकवावा, म्हणजे ऊन पाण्यातून आरशावर पडेल आणि परावर्तित होऊन भिंतीवर किंवा छतावर येईल. आरशाचा कोन हळूहळू बदलत गेल्यास भिंतीवर रंगांचा पट्टा उमटतो. तो फिका वाटला तर समोर पांढरा कागद धरावा. मुलांनी तोंड भिंतीकडे करून बसावे आणि आरशात डोकावू नये, कारण त्यातून येणारे ऊन डोळ्यांवर थेट पडते.

मुलाने पाण्यात बोट घातले की भिंतीवरचे रंग थरथरतात, पाणी स्थिर झाले की पुन्हा जागेवर येतात. हा क्षण घाईने संपवू नये. मुले तो वीस-वीस वेळा करून पाहतात. अंगणात बागेची नळी असेल तर सूर्याकडे पाठ करून बारीक तुषार उडवावेत, मागे झाडीसारखी गडद पार्श्वभूमी असेल तर रंग चांगले दिसतात.

५. रंगकामासाठी कोणते रंग घ्यावेत? बाजारातील रंग तोंडात गेले तर काय, अशी भीती वाटते.

धुवून निघणारे आणि मुलांसाठीच बनवलेले रंग घ्यावेत, हे झाले साधे उत्तर. पण आमचा कल स्वयंपाकघराकडे आहे. एक कृती सविस्तर देत आहोत, कारण ती कधीच फसत नाही. पांढऱ्या सुती रुमालावर हळदीचे पाणी लावून तो वाळवावा. मुलाने साबणाच्या पाण्यात बोट बुडवून त्यावर रेघ ओढली की पिवळ्यावर लाल रेघ उमटते. त्याच रेघेवर लिंबाचा रस लावला की ती पुन्हा पिवळी होते. साबण अल्कधर्मी आणि लिंबू आम्लधर्मी असल्याने हळदीचा रंग असा बदलतो. वरणाचा डाग पडलेला सदरा साबण लावताच लाल होतो ते याचमुळे, आणि हळदीला चुन्याची जोड देऊन कुंकू करण्याची जुनी पद्धतही याच गुणावर उभी आहे. चुना मात्र मुलांच्या हाती कधीही देऊ नये. तो त्वचा आणि डोळे भाजतो.

गोकर्णाची निळी फुले गरम पाण्यात भिजवली की निळे पाणी मिळते आणि त्यात लिंबू पिळताच ते जांभळट होते. निळा रंग खाण्याच्या पदार्थांत फार विरळ असल्याने गोकर्णाचा वेल अंगणात किंवा कुंडीत असणे बालवाडीला फार उपयोगी पडते. रंगपंचमीच्या सुमारास पळस फुललेला असतो. त्याची फुले रात्रभर पाण्यात ठेवली की केशरी पाणी तयार होते. बीट, पालक, कोकम यांचीही भर घालता येते.

रंग मिसळण्यासाठी तीन छोटे पेले शेजारी ठेवावेत, कडेच्या दोन पेल्यांत खाण्याच्या रंगांचे पिवळे आणि निळे पाणी काठोकाठ भरावे, मधला रिकामा ठेवावा आणि कापसाच्या दोन जाड, ओल्या वाती एका पेल्यातून दुसऱ्यात सोडाव्यात. काही तासांनी मधल्या पेल्यात हिरवे पाणी जमलेले दिसते. समईत वात तेल कशी ओढते, हे मुलांनी पाहिलेले असते, त्यामुळे वेगळे स्पष्टीकरण फारसे लागत नाही.

६. दिवाळीच्या सुट्टीत मुलांकडून काय करून घेता येईल?

दिवाळीचा किल्ला हा या वयाचा सर्वांत मोठा धडा आहे आणि तो वर्षानुवर्षे आपल्या अंगणात आहे. माती चाळणे, पाणी किती घालावे हे हाताने ठरवणे, दगडांवर माती लिंपणे, पायऱ्या मोजणे, वर-खाली, आत-बाहेर हे शब्द वापरणे, ही सर्व शाळापूर्व कौशल्येच आहेत. तीन वर्षांच्या मुलाने नुसता चिखल कालवला तरी तो किल्लाच बांधतो आहे, असे समजावे. लक्ष्मीपूजनाच्या चार-पाच दिवस आधी भिजवलेले अळीव किल्ल्यावर पेरावेत. दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात. रोज सकाळी पाणी शिंपडून ‘आज काय बदलले’ हे मुलाने सांगायचे आणि मोठ्यांनी त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचे.

रांगोळीसाठी बारीक भुकटीऐवजी तांदळाचे पीठ, हळद, कुंकू आणि फुलांच्या पाकळ्या वापराव्यात. मोठ्या मुलांना तीन बाय तीन ठिपके देऊन ते जोडायला सांगता येतात. दसऱ्यापासून घरात आलेला झेंडू येथे फार मोलाचा आहे : केशरी आणि पिवळा झेंडू वेगळा करणे, ही नारंगी-पिवळ्यातील भेद ओळखण्याची उत्तम संधी असते. आकाशकंदिलाविषयी पुढचा प्रश्न पाहावा.

७. मुलाने केलेला कंदील वेडावाकडा होतो. आम्ही कापून, चिकटवून दिला आणि त्याने फक्त टिकल्या लावल्या, तर चालेल का?

एका वर्षी आम्ही हेच केले होते. बावीस कंदील आम्ही ताईंनीच कापले, मुलांनी ठरलेल्या जागी झिरमिळ्या लावल्या, दोरीवर ओळीने टांगले आणि सर्वांनी कौतुक केले. संध्याकाळी घरी न्यायची वेळ आली तेव्हा एकाही मुलाला आपला कंदील ओळखता आला नाही. त्यानंतर आम्ही ती पद्धत बंद केली.

पताकेचा कागद हाताने फाडता येतो, त्यासाठी कात्रीही लागत नाही. फाडलेले तुकडे पातळ खळीने फुगवलेल्या फुग्यावर तीन-चार थरांत चिकटवावेत, एक-दोन दिवस वाळू द्यावे आणि मग मोठ्यांनी फुगा फोडून काढून घ्यावा. आत मंद दिवा सोडला की रंगीत कागदांतून प्रकाश गाळून येतो, आणि पिवळ्यावर निळा तुकडा आला आहे तेथे हिरवे दिसते. हा कंदील वाकडा असतो आणि त्याचा मालक त्याला दुरून ओळखतो. थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे तो मोह टाळावाच.

८. उन्हाळ्याच्या सुट्टीत इंद्रधनुष्य कसे घ्यावे?

फळांतून घ्यावे. कलिंगडाचा तांबडा, हापूसचा नारंगी, केळ्याचा पिवळा, कैरीचा हिरवा आणि जांभळाचा जांभळा असे ताटात मांडता येते. निळा आणि पारवा रिकामे राहतात. त्यांसाठी पोकळ जागा तशीच ठेवावी आणि मुलांनाच शोधायला सांगावे.

गावी जाणाऱ्या मुलांसाठी करवंदांचा खेळ आहेच. करवंद दातांखाली फोडण्याआधी ‘कोंबडा की कोंबडी’ हे सांगायचे. आतून लाल निघाले तर कोंबडा, पांढरट निघाले तर कोंबडी. अंदाज बांधायचा, तपासायचा आणि दोन्हींची मोजदाद ठेवायची, हे सर्व या खेळात आधीच आहे. चार वर्षांच्या मुलासाठी जमिनीवर दोन गोल आखून प्रत्येक वेळी एक खडा ठेवावा आणि शेवटी कोणत्या गोलात खडे जास्त हे नुसते पाहून, मग मोजून ठरवावे. करवंदाच्या झाडाला काटे असतात, म्हणून तोडणी मोठ्यांनी करावी.

९. शाळेने सुट्टीसाठी रंगवण्याच्या पानांचा गठ्ठा दिला आहे. तो पूर्ण करून घ्यावा का?

मुलाला आवडत असेल तितकाच करावा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार ३ ते ८ वर्षे हा पायाभूत स्तर आहे आणि त्यात खेळ आणि कृती यांतून शिकण्यावर भर दिलेला आहे. छापील पानावरचा फुगा रेघेच्या आत रंगवण्यासाठी बोटांत जी ताकद लागते, ती कणीक मळणे, शेंगा सोलणे, माती लिंपणे आणि कागद फाडणे यांतून येते. शाळेला पानांऐवजी मुलाने सुट्टीत केलेल्या चार गोष्टींची यादी पाठवावी. बहुतेक ताईंना ती आवडते.

साहित्य नाही म्हणून पाने दिली जातात, असेही आम्हाला काही ठिकाणांहून कळवले जाते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी पाड्यांवरील मुलांसोबत काम करताना परिसरातील पाने, बिया, खडे, शिंपले यांनाच शैक्षणिक साहित्य केले. आजच्या कुठल्याही बालवाडीला ते साहित्य तितकेच मोफत मिळते.

१०. सणांच्या कृतींत कोणत्या गोष्टींपासून सर्वाधिक जपावे?

घशात अडकणाऱ्या वस्तू पहिल्या. संक्रांतीनंतर होणाऱ्या बोरन्हाणात बोरे, हरभरे, उसाचे तुकडे आणि हलवा मुलाच्या डोक्यावरून ओततात आणि भोवतीची लहान मुले ते वेचून तोंडात घालतात. पाच वर्षांखालील मुलांसाठी त्याऐवजी चुरमुरे आणि मोठी बिस्किटे वापरावीत. शेंगदाणे आणि फुटाणे यांनाही हाच नियम लागू आहे. तीळ किंवा शेंगदाण्याचे वावडे असलेले मूल वर्गात आहे का, हे तिळगुळाच्या आधी पालकांना विचारावे.

दुसरे म्हणजे शोभेच्या दिव्यांतील बटणासारखे चपटे सेल. ते गिळले गेले तर अन्ननलिकेला काही तासांतच गंभीर इजा होते. तशी शंका जरी आली तरी थेट रुग्णालय गाठावे. तिसरे, रंगपंचमीची पाण्याने भरलेली बादली. क्षणभरही मूल तिच्याजवळ एकटे नसावे.

११. आमच्या वर्गात निरनिराळ्या धर्मांची मुले आहेत. सणांचे उपक्रम घ्यावेत की टाळावेत?

घ्यावेत, मात्र पूजाविधी घराकडे सोडून वर्गात सणातील वस्तू, खाणे, गाणी आणि हाताचे काम घ्यावे. नाताळचा तारा, ईदची चंद्रकोर, दिवाळीचा कंदील आणि बुद्धपौर्णिमेचा पूर्ण चंद्र यांतून आकारांची एक संपूर्ण मालिका उभी राहते. त्या त्या घरातील आजी किंवा आई वर्गात येऊन शिरखुर्मा किंवा करंजी दाखवत असेल तर त्याहून चांगले काही नाही. ज्या घरात त्या वर्षी कोणी गेले आहे आणि सण करायचा नाही, त्या मुलाला वर्गातील कामात घ्यावे की नाही, हे आधी त्या घराला विचारावे. ‘तुमच्याकडे दिवाळी नाही का?’ असा प्रश्न सर्वांसमोर कधीही विचारू नये.

१२. नवरात्रात रोज ठरलेल्या रंगाचे कपडे घालून पाठवा, असे सांगतात. हे शिक्षणाच्या दृष्टीने आवश्यक आहे का?

आवश्यक नाही. नऊ दिवसांच्या नऊ रंगांची ही पद्धत अलीकडची आहे आणि नवे कपडे घेण्याचा ताण अनेक घरांना खरोखर सोसत नाही. त्या रंगाची एक वस्तू घरून आणावी, एवढे सांगितले तरी पुरे : पान, बाटलीचे झाकण, कापडाची चिंधी, काहीही. त्याच दिवसांत भोंडला घेता येतो. पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरणे आणि डब्यातील खिरापत ओळखणे हे दोन्ही या वयाला फार आवडते.

१३. माझी मुलगी रंगात हात घालायला तयार नसते आणि ढोल वाजला की रडते. जबरदस्ती करावी का?

करू नये. काही मुलांना ओलसर, चिकट स्पर्श किंवा मोठा आवाज खरोखर सोसत नाही. रंग प्लास्टिकच्या बंद पिशवीत घालून वरून बोटे फिरवायला द्यावीत, किंवा कापसाचा बोळा चिमट्याने धरून रंगवू द्यावे. मिरवणुकीपेक्षा आधी घरात डब्यावर तिने स्वतः वाजवलेला ढोल बरा, कारण त्याचा आवाज तिच्या ताब्यात असतो. हा त्रास रोजच्या जेवणात, आंघोळीत आणि कपड्यांतही होत असेल तर बालरोगतज्ज्ञांशी बोलावे.

१४. मुलगा साडेपाच वर्षांचा आहे आणि अजून हिरवा आणि तपकिरी यांत गल्लत करतो. तो रंगांधळा असेल का?

आधी नाव आणि नजर वेगळी करून पाहावी. त्याला नावे न विचारता हिरव्या आणि तपकिरी बटणांचे ढीग करायला सांगावे. ढीग बरोबर झाले तर प्रश्न केवळ शब्दांचा आहे (प्रश्न १ पाहावा). ढीगच चुकत असतील, झाडाचे खोड तो हिरवे रंगवत असेल किंवा गुलाबीला राखाडी म्हणत असेल, तर नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. तांबडा-हिरवा भेद न कळण्याचा दोष बहुधा आनुवंशिक असतो आणि त्याची जनुके एक्स गुणसूत्रावर असल्याने तो मुलींपेक्षा मुलग्यांत कितीतरी अधिक आढळतो. अशा मुलाच्या खडूंवर रंगाचे चिन्ह चिकटवावे, उदाहरणार्थ हिरव्यावर पान आणि तांबड्यावर टोमॅटो. सर्वांसमोर ‘अरे, हा हिरवा का?’ असे विचारले जाणार नाही, एवढी काळजी ताईंनी घ्यावी.

१५. आम्ही परदेशात राहतो. येथे श्रावण नाही आणि अंगणही नाही. यांतील काय जमेल?

बरेचसे जमेल, काही अधिक चांगलेही जमेल. लंडनसारख्या उत्तरेकडील शहरांत हिवाळ्यात सूर्य दिवसभर इतका खाली असतो, की प्रश्न ३ मधील दुपारची अट तेथे लागू होत नाही आणि भर बारा वाजताही इंद्रधनुष्य दिसू शकते. दिवाळीच्या दिवसांत तेथे लवकर अंधार पडतो, म्हणून मूल झोपण्याआधीच कंदील लावता येतो. मेलबर्नमध्ये मात्र त्याच दिवसांत सूर्य उशिरा मावळतो, तेथे पडदे ओढून खोलीत अंधार करावा. किल्ला ट्रेमध्ये करावा, अळीव तिकडेही उगवतात. रंगांची मराठी नावे मात्र घरातच जपावी लागतात, आणि त्यासाठी व्हिडिओ कॉलवर आजीने साडी दाखवून ‘हा आमसुली’ असे सांगणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

१६. मुलगी इंद्रधनुष्य काढताना जांभळा वर आणि तांबडा खाली काढते. दुरुस्त करावे का?

चार वर्षांच्या वयात करू नये. सहाव्या वर्षी, खरे इंद्रधनुष्य समोर असताना, ‘सर्वांत वर कोणता रंग दिसतो?’ एवढे विचारावे. तांबडा बाहेरच्या कडेला असतो, हे तिचे तिला दिसेल. कधी कधी मुख्य इंद्रधनुष्याच्या वर दुसरे, फिकट इंद्रधनुष्य दिसते आणि त्यात रंगांचा क्रम उलटा असतो. तेव्हा तिने काढलेले चित्रही आकाशात असते, हे तिला जरूर दाखवावे.

१७. ‘आपण त्याच्याजवळ जाऊ या’ असे मुलगा म्हणतो. त्याला काय सांगावे?

चालत जावे. दहा पावले पुढे गेल्यावर विचारावे, जवळ आले का? इंद्रधनुष्य पाहणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असते, त्यामुळे ते आपल्याबरोबर सरकत राहते. नंतर प्रश्न ४ मधील नळीच्या तुषारांसमोर दोन मुलांना थोड्या अंतरावर उभे करावे आणि प्रत्येकाने आपल्याला रंग कोठे दिसतात तेथे बोट दाखवावे. दोन्ही बोटे वेगळ्या ठिकाणी वळलेली दिसतात, आणि मग मुले जागा बदलून पुन्हा पाहतात.